तिरक्या वस्तूला सरळ चौकट पुरत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मुलांसाठी गेम कसे बनवावेत या विषयावर जी लेखमाला सुरू आहे, ती मी पहिल्या भागापासून वाचते आहे. हा विषय मराठीत इतक्या सोप्या भाषेत मांडला जातो आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच टक्करीवरच्या ताज्या भागातील एक चूक लक्षात आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्या भागात असे सांगितले आहे की पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूभोवती एक अदृश्य चौकट कल्पावी, दोन चौकटी एकमेकींवर आल्या की टक्कर झाली असे समजावे, आणि वस्तू फिरली तर ती पूर्ण मावेल एवढी चौकट मोठी करून घ्यावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. तिसरी मात्र विद्यार्थ्याला अशा वाटेला लावते की पुढे त्याचा गेम का बिघडतो हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

वस्तू पडद्याच्या कडांना समांतर उभी असते तोवर चौकटीचे काम फार स्वस्तात होते. एका चौकटीची डावी कड दुसरीच्या उजव्या कडेच्याही पलीकडे आहे का, किंवा तिची उजवी कड दुसरीच्या डाव्या कडेच्याही अलीकडेच संपते का, आणि हेच वर-खाली, अशा चार तुलना केल्या की निकाल लागतो. एकाही तुलनेचे उत्तर ‘हो’ आले तर चौकटी वेगळ्या आणि चारही उत्तरे ‘नाही’ आली तर त्या एकमेकींवर. यात साधा गुणाकारही करावा लागत नाही. म्हणून ही पद्धत नवशिक्याला सर्वांत आधी शिकवतात, आणि ती तशी शिकवावीच. अडचण सुरू होते ती वस्तू फिरल्यावर. आणि गेममध्ये न फिरणाऱ्या वस्तूच शोधाव्या लागतात. वळणारी गाडी, उगारलेली तलवार, लाटेवर कलणारी होडी, गरगर फिरणारा दांडा, उतारावरून गडगडत येणारी पेटी, या सगळ्या तिरक्याच असतात.

नेमके किती बिघडते ते आकड्यांत पाहू. १०० एकक लांब आणि १० एकक जाड अशी एक पट्टी घ्या. ती आडवी असताना तिचे क्षेत्रफळ १,००० आणि तिच्या चौकटीचेही १,०००. ती ४५ अंशांतून फिरवली की तिला पूर्ण सामावून घेणाऱ्या सरळ चौकटीची प्रत्येक बाजू सुमारे ७७.८ होते आणि क्षेत्रफळ ६,०५० भरते, म्हणजे पट्टीच्या सहापट. त्या चौकटीतले सहापैकी पाच भाग रिकामी जागा आहे, आणि त्या रिकाम्या जागेला शिवले तरी खेळणाऱ्याचा डाव संपतो. आता ही पट्टी डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी कललेली धरा, आणि २० एकक बाजूचा, मुळीच न फिरवलेला एक चौरस असा ठेवा की त्याचा मध्य पट्टीच्या मध्यापासून २५ एकक उजवीकडे आणि १५ एकक खाली येईल. हा चौरस पट्टीच्या सरळ चौकटीत पूर्णच्या पूर्ण मावतो, त्यामुळे लेखातील नियमाने ही नुसती टक्कर नव्हे, तर अगदी आत घुसलेली टक्कर ठरते. प्रत्यक्षात पट्टीची कड आणि चौरसाचा तिच्या सर्वांत जवळचा कोपरा यांच्यामध्ये ९ एककांहून जास्त मोकळी जागा आहे.

चौकटीऐवजी वर्तुळ घ्यावे असा सल्लाही पुष्कळदा दिला जातो, कारण वर्तुळ कसेही फिरवले तरी तेच राहते. गोलसर वस्तूंसाठी तो उत्तम आहे. पण वरच्या पट्टीला सामावणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७,९३० होते, म्हणजे लांबट वस्तूसाठी ते सरळ चौकटीपेक्षाही सैल पडते.

हा प्रश्न मला बारीकसारीक वाटत नाही. गेम खेळणारा माणूस पडद्यावर जे दिसते त्यावर विसंबून हात चालवतो. तलवारीचे पाते आपल्यापासून हातभर दूर असल्याचे त्याला दिसते आणि तरीही घाव लागल्याचा आवाज येतो, तेव्हा आपले काय चुकले हे त्याला शोधता येत नाही, कारण त्याचे काही चुकलेलेच नसते. लहान मुले तर लगेच म्हणतात, ‘मला लागलंच नव्हतं!’ त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असते. डोळ्यांना एक दिसावे आणि हिशेबात दुसरेच असावे, अशा खेळात सराव करून कौशल्य वाढवता येत नाही.

मी स्वतः या विषयात चांगलीच ठेचकाळले आहे. गेमसाठी कोड लिहायला लागले तेव्हा मी फिरत्या पट्ट्यांचा एक छोटा खेळ करत होते, आणि सरळ चौकट सैल पडते हे कळल्यावर मला स्वतःच एक उपाय सुचला: एका पट्टीचा एखादा कोपरा दुसरीच्या आत आला आहे का, एवढे पाहायचे. चार कोपरे हिचे, चार तिचे, एकूण आठ तपासण्या. खेळ छान चालू लागला आणि मी निश्चिंत झाले. मग एके दिवशी खेळून पाहणाऱ्या एका मुलीने मला पडदा थांबवून दाखवला. दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींवर आडव्या-उभ्या पडल्या होत्या, अगदी मधोमध एकमेकींना छेदत होत्या, आणि खेळ मात्र त्या वेगळ्या असल्याचे सांगत होता. मी कोपरे मोजले. आठपैकी एकही कोपरा दुसऱ्या पट्टीच्या आत नव्हता. आठही कोपरे चार टोकांना, बाहेर होते. मग मी प्रत्येक बाजूचे मध्यबिंदूही तपासायला सुरुवात केली, तरी मध्यापासून जरा सरकलेली फुली सुटली. बाजूंवर आणखी बिंदू वाढवले तर अधिक बारीक पट्टी त्या बिंदूंच्या मधून निसटली. बिंदू वाढवत राहणे हा इलाज नव्हता, कारण मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. दोन वस्तू कुठे भिडतात हे शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या मधून एक सरळ रेघ जाऊ शकते का, हे विचारायला हवे होते.

हा प्रश्न गणितात जुना आहे. आत खाच किंवा खोबण नसलेल्या, म्हणजे बहिर्वक्र, अशा दोन आकृती एकमेकींपासून वेगळ्या असतील तर त्यांच्या मधून एक सरळ रेषा काढता येतेच, आणि तशी रेषा निघतच नसेल तर त्या आकृती एकमेकींना भिडलेल्याच असतात. हेरमान मिंकोव्स्की या गणितज्ञाच्या नावाशी जोडले गेलेले हे विभाजनाचे प्रमेय गेम प्रोग्रामर ‘सेपरेटिंग अॅक्सिस’, म्हणजे वेगळे करणारा अक्ष, या नावाने रोज वापरतात. नाव भारदस्त असले तरी मर्म घरच्या घरी दाखवता येते. पुठ्ठ्याचे दोन आयत कापून टेबलावर ठेवा आणि टेबलाच्या पातळीला डोळा आणून, चारी बाजूंनी फिरत, त्यांच्याकडे एक डोळा मिटून पाहा. एखाद्या तरी जागेवरून दोघांच्या मधून पलीकडची भिंत दिसली, तर ते वेगळे आहेत. पूर्ण फेरी मारूनही भिंतीचा तुकडा कुठूनच दिसला नाही, तर ते एकमेकांना टेकलेले आहेत किंवा एकमेकांवर चढलेले आहेत. प्रोग्राम हेच करतो, फक्त डोळ्याऐवजी सावली वापरतो: एका दिशेवर दोन्ही आयतांच्या सावल्या पाडायच्या आणि त्या सावल्यांमध्ये फट आहे का ते पाहायचे. ही सावली उन्हात पडते तशी, समांतर किरणांची समजायची. टॉर्चची नव्हे, कारण टॉर्चची सावली अंतराप्रमाणे फुगते. गणितात अशा सावलीला प्रक्षेप म्हणतात.

इथे साहजिकच शंका येते की दिशा तर अनंत आहेत, मग किती दिशांनी सावल्या पाडायच्या? या सगळ्या विषयातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. दोन बहिर्वक्र बहुभुजांमध्ये फट असेल, तर ती त्यांच्या एखाद्या बाजूला लंब असलेल्या दिशेवर दिसतेच; इतर दिशा पाहण्याचे कारणच उरत नाही. आयताच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असल्याने एका आयताला अशा दोनच दिशा असतात, म्हणून दोन आयतांसाठी फक्त चार दिशा पुरतात. त्यांतल्या एका दिशेवर जरी फट सापडली तरी तिथेच थांबायचे, टक्कर नाही. चारही दिशांवर सावल्या एकमेकींवर आल्या तरच टक्कर. आणि सरळ चौकटींच्या ज्या चार तुलना वर सांगितल्या, त्या म्हणजे याच नियमाचे खास रूप आहे, कारण न फिरवलेल्या दोन आयतांच्या चार दिशांपैकी दोन-दोन दिशा एकच होतात, आडवी आणि उभी. विद्यार्थ्याला एक पद्धत शिकवून मग ती विसरायला लावण्याची गरज नाही. तीच पुढे न्यायची आहे.

आधीच्या पट्टीला आणि चौरसाला हे लावून पाहा. आडव्या दिशेवर दोघांच्या सावल्या एकमेकींवर येतात, उभ्या दिशेवरही येतात, पट्टीच्या लांबीच्या दिशेवरही येतात. उरली चौथी दिशा, पट्टीच्या जाडीची. त्या दिशेवर दोघांच्या मध्यांमधले अंतर सुमारे २८.२८ आहे. पट्टीची अर्धी सावली ५ आणि चौरसाची अर्धी सावली १४.१४, मिळून १९.१४. अंतर बेरजेपेक्षा मोठे आहे, फट ९.१४ एककांची आहे, टक्कर नाही. चारपैकी तीन दिशा फसवतात आणि एकच खरे सांगते, म्हणून एकही दिशा गाळून चालत नाही. एक आयत सरळ होईल असे सगळे चित्र उलटे फिरवून दुसऱ्या आयताच्या सरळ चौकटीशी तुलना करणे, ही युक्ती पुष्कळ जण वापरतात. तीत दोनच दिशा तपासल्या जातात, आणि दुसऱ्या आयताच्या बाजूने तेच पुन्हा केल्याशिवाय ती पुरी होत नाही.

हिशेबाला लागणारे गणित शाळा-कॉलेजातलेच आहे. कोनाची साइन आणि कोसाइन काढली की आयताच्या दोन्ही दिशांचे सदिश, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या आकड्यांच्या जोड्या, मिळतात. एखाद्या दिशेवर अर्धी सावली काढायची तर आयताच्या अर्ध्या लांबीला तिच्या सदिशाचा त्या दिशेशी असलेला डॉट प्रॉडक्ट (दोन सदिशांचे आडवे आकडे एकमेकांशी आणि उभे एकमेकांशी गुणून केलेली बेरीज), चिन्ह सोडून, गुणायचा. रुंदीचेही तसेच करायचे, आणि दोन्हींची बेरीज घ्यायची. मध्यांमधल्या अंतराचाही त्याच दिशेशी डॉट प्रॉडक्ट घ्यायचा आणि तुलना करायची. साइन-कोसाइन प्रत्येक आयतासाठी फ्रेममागे, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्रामागे, एकदाच काढून ठेवाव्यात, जोडीगणिक पुन्हा काढू नयेत. नवशिक्याचे हात पोळतात ते बहुधा दोन ठिकाणी: कोन अंशांत लिहून तो रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) मागणाऱ्या फंक्शनला देणे, आणि पडद्यावर उभा अक्ष खालच्या दिशेने वाढतो हे विसरल्याने वस्तू उलट दिशेने फिरणे. दुसऱ्या चुकीत वस्तूचे चित्र एकीकडे कलते आणि चौकट दुसरीकडे. म्हणून मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते की चौकट आधी पडद्यावर लाल रेषेने काढून दाखवा आणि ती चित्राबरोबर फिरते आहे याची खात्री झाल्यावरच टक्करीचा कोड लिहा.

याच हिशेबातून आणखी एक मोलाची गोष्ट हाती लागते. चारही दिशांवर सावल्या एकमेकींवर आल्या असतील, तर ज्या दिशेवर त्या सर्वांत कमी आल्या आहेत त्या दिशेने तेवढेच अंतर सरकवले की वस्तू मोकळ्या होतात. गाडी भिंतीला घासत पुढे गेल्यासारखी वाटते, तिथेच अडकून थरथरत नाही, ती यामुळे. मात्र त्यासाठी दिशेच्या सदिशाची लांबी १ असली पाहिजे. टक्कर आहे की नाही एवढेच विचारायचे असेल तर लांबी काहीही चालते, कारण तुलनेच्या दोन्ही बाजू सारख्याच पटीने वाढतात; पण किती सरकवायचे हे विचारले की तीच चूक अंगाशी येते. चाचणीत सगळे बरोबर येते आणि वस्तू मात्र भलतीकडे उडते, अशा तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते.

त्रिमितीत गेल्यावर दिशा चाराच्या पंधरा होतात. प्रत्येक खोक्याच्या पृष्ठांना लंब अशा तीन-तीन, मिळून सहा. आणि एका खोक्याच्या तीन कडांपैकी प्रत्येक कड व दुसऱ्याच्या प्रत्येक कडेच्या जोडीला लंब अशा नऊ. काड्यापेटीच्या दोन पेट्या हातात धरून एकीची धार दुसरीच्या धारेला आडवी टेकवली की या नऊ दिशांची गरज डोळ्यांना दिसते, कारण तिथे पृष्ठे एकमेकांना टेकतच नाहीत. फिरवलेल्या खोक्यांची ही पंधरा दिशांची तपासणी गॉट्सशाल्क, लिन आणि मनोचा यांच्या १९९६ च्या शोधनिबंधाने संगणक-चित्रणाच्या क्षेत्रात सर्वदूर पोहोचवली. दोन कडा जवळजवळ समांतर असल्या की त्यांना लंब दिशा शून्याच्या जवळ जाते आणि दशांश स्थळांतली बारीकशी चूकही खोटी फट दाखवते, म्हणून तिथे थोडी सूट ठेवावी लागते. खोक्यांपेक्षा गुंतागुंतीच्या बहिर्वक्र आकृतींसाठी गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांची १९८८ ची पद्धत आहे. तिचा विस्तार इथे करत नाही.

सरळ चौकट टाकून द्यावी असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. पडद्यावर १,००० वस्तू असतील तर त्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या सगळ्या जोड्यांवर चार दिशांचा हिशेब चालवणे परवडत नाही. म्हणून सैल, सरळ चौकट ही पहिली चाळणी ठेवायची. तिने ‘वेगळ्या’ म्हटले तर त्या नक्कीच वेगळ्या असतात. तिने ‘टक्कर’ म्हटले तर तो फक्त संशय समजायचा आणि मग वस्तूबरोबर फिरवलेल्या घट्ट चौकटीने, चार दिशांच्या हिशेबाने, निवाडा करायचा. लेखात चाळणीलाच निवाडा म्हटले गेले, एवढीच माझी तक्रार आहे.

फिरवलेल्या चौकटीलाही मर्यादा आहेत. ती त्या क्षणाचे चित्र तपासते, मधला प्रवास नाही. सेकंदाला १,२०० एकक वेगाने जाणारी गोळी ६० फ्रेमच्या हिशेबात दर फ्रेमला २० एकक उडी घेते आणि १० एकक जाडीची भिंत तिला आडवी आली तरी न शिवता पलीकडे निघून जाऊ शकते. फिरत्या पट्टीचेही तसेच: १०० एकक लांबीची पट्टी आपल्या मध्याभोवती सेकंदाला पाच फेरे घेत असेल तर तिचे टोक एका फ्रेममध्ये ३० अंश, म्हणजे २६ एककांहून जास्त सरकते, आणि त्या झेपेत एखादी बारीक वस्तू सहज निसटते. तिथे एका फ्रेमचे लहान लहान टप्पे पाडून तपासावे लागते, किंवा आधीची आणि नंतरची जागा मिळून व्यापलेला सगळा पट्टा हिशेबात घ्यावा लागतो.

हे सगळे आता तयार इंजिने, म्हणजे गेम बनवण्याची आयती सॉफ्टवेअरे, करतात, मग मुलांना कशाला शिकवायचे, असे कोणी म्हणेल. इंजिन हिशेब करते हे खरे, पण वस्तूला सरळ चौकट द्यायची, फिरणारी चौकट द्यायची की वर्तुळ, ही निवड करणारा माणूसच असतो, आणि निवड चुकली तर इंजिन त्या चुकीच्या चौकटीचाच हिशेब अचूक करून देते. शिवाय ज्याने एकदा या चार सावल्या हाताने कागदावर काढल्या आहेत, त्याला डॉट प्रॉडक्ट हे परीक्षेपुरते पाठ केलेले सूत्र वाटत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पट्टीच्या दोन टोकांपासून रेघेवर लंब टाकताना त्यांचे पेन्सिल धरलेले हात क्षणभर थांबतात आणि फट दिसताच ती स्वतःहून म्हणतात की आता बाकीच्या दिशा बघायची गरज नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की लेखमालेच्या पुढच्या भागात दुरुस्ती म्हणून एक चित्र छापावे: ४५ अंशांत कललेली पट्टी, तिच्याजवळचा तो चौरस, पट्टीची सैल सरळ चौकट तुटक रेषेने, आणि शेजारी पट्टीच्या जाडीच्या दिशेने काढलेली एक तिरकी रेघ, जिच्यावर दोघांच्या सावल्या आणि त्यांच्यामधली फट स्पष्ट दिसेल. वर दिलेले आकडे चित्रात जसेच्या तसे वापरता येतील. ते मी पुन्हा पडताळून पाहिले आहेत.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक